डावी चप्पल मागे राहिली

बाई, तुझी डावी चप्पल अजून आमच्या दारात आहे. शोभा रोज सकाळी झाडताना ती उचलते, उंबऱ्याच्या कडेला नीट ठेवते आणि दुसऱ्या दिवशी झाडून झालं की पुन्हा तिथंच ठेवते. उजवी तुझ्या पायात वर्ध्यापर्यंत गेली आणि तिकडंच कुठं तरी गळाली. तेरवीच्या दानात चपला द्याव्या लागतात म्हणून भाऊजींनी नवा जोड आणला, तो दिला. या एकट्या चपलेचं काय करायचं ते आम्हा नवराबायकोला सुचत नाही आणि एकमेकांना विचारायची हिंमतही होत नाही.

काल तुझी तेरवी झाली. आज रोहण्याहून आर्वीला परत आलो, दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि काउंटरमागे बसून हे लिहितोय. औषध कंपनीवाले देतात त्या पॅडवर, वर खोकल्याच्या औषधाचं चित्र आहे. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "काऊन रे दिनू, लिहून कायले राह्यला? तोंड नाई काय तुले?" तोंड होतं, बाई. त्याचंच तर सगळं दुखणं आहे.

माझ्या या मेडिकलला तू कधी मेडिकल म्हणाली नाहीस. 'पुड्याचं दुकान' म्हणायचीस. रोहण्याहून बसने यायचीस, पिशवी काउंटरवर ठेवायचीस आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगायचीस, "याच्या दुकानात डाक्टरची चिठ्ठी लागत नाई बाप्पा, तोंड वाकडं केलं का गोळी भेटते." लोक हसायचे. मीही हसायचो. मोठी बहीण म्हणून नाही, तुझ्यात अक्कल जास्त आहे हे मला ठाऊक होतं म्हणून. आई लवकर गेली, त्यानंतर माझ्या प्रत्येक गोष्टीत तुझं नाक खुपसलेलं असायचं. माझं लग्न तू जमवलंस, दुकानाची जागा तू पसंत केलीस, आणि माझ्या पोरासाठी, प्रशांतसाठी, पिपरी मेघेची अर्चना, तीही तूच शोधलीस. पहिल्यांदा पाहून आलीस तेव्हा म्हणालीस, "ते पोट्टी भुईकडं पाहून बोलत नाई, मानसाच्या तोंडाकडं पाहून बोलते. हेच पायजे आपल्याले." एवढं एक वाक्य तू नीट ओळखून बोलली होतीस हे मला काल कळलं. ते शेवटी सांगतो.

आधी त्या दिवसाचं बोलू दे. आपण सहा जणांनी ठरवलं होतं की त्याबद्दल कधीच बोलायचं नाही, म्हणून माझ्या घशात ते तेव्हापासून अडकून आहे.

पिपरीला प्रशांत-अर्चनाचं साक्षगंध, साखरपुडा आटोपून आपण भाड्याच्या जीपने परत निघालो होतो. पुढे जीपवाला, भाऊजी आणि प्रशांत. मागे तू, शोभा आणि मी. तुझ्या मांडीवर त्यांनी भरलेली ओटी, नवं लुगडं, त्यावर नारळ. पुलगावपासून तू एकच विषय लावून धरला होतास: लग्नात सांबारवडी करायची की पाटोडी. मी म्हटलं पाटोडी. तू म्हणालीस, "तुले काय समजते? पुड्या बांध तू." तो वाद तिथंच राहिला, बाई. त्याचा निकाल लागलाच नाही.

ऊन उतरलं होतं पण चांगला उजेड होता. रोहणं आता आलंच म्हणायचं, आणि कडेच्या तुरीतून घोड्याएवढा रोही, नीलगाईचा नर, उडी मारून रस्त्यावर आला. जीपवाल्यानं त्याला वाचवलं. जीप खाली उतरली आणि बाभळीला भिडली. तो आवाज होऊन गेल्यावर आणखी एक आवाज झाला, टणक, जवळचा. मला वाटलं ओटीचा नारळ फुटला. वळून पाहिलं तर नारळ तू दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला होतास आणि तुझं डोकं टपाच्या लोखंडी पाइपला टेकलेलं होतं.

क्षणभर तू बोलली नाहीस. तुला ओळखणाऱ्या माणसाला तेवढ्यानंच कळायला हवं होतं. मग डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "पोराले पाहा आधी." प्रशांतचा ओठ फाटला होता. शोभाचा गुडघा फुटून रक्त वाहत होतं. जीपवाल्याच्या छातीला स्टिअरिंग लागलं होतं. भाऊजींना खरचटलं होतं, माझा खांदा. तू खाली उतरलीस, नव्या लुगड्याचा काठ दातानं फाडलास आणि शोभाचा गुडघा बांधलास. प्रशांतला पाणी पाजलंस. तुझ्या अंगावर रक्ताचा एक थेंब नव्हता. उजव्या कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ होतं, त्याला तू पदराची घडी दाबून धरलीस आणि भाऊजींना म्हणालीस, "मले काई नाई झालं. मी बेस आहो." सगळ्यात चांगली अवस्था तुझी, असं आम्ही त्या दिवशी घरी गेल्यावरही म्हणत होतो. ज्याचं रक्त दिसतं तोच जखमी, एवढीच आमची समज. आणि मी औषधाच्या दुकानात केस पांढरे केलेला माणूस.

जीप कशीबशी रस्त्यावर घेतली. पण तू कोणाला आत बसू दिलं नाहीस. नारळ पुढे धरलास आणि म्हणालीस, "याच्यावर हात ठेवा. आज हे झालं ते कोणाले सांगाचं नाई. गावात नाई, आर्वीले नाई, आन् पिपरीले तं बिल्कुल नाई."

शोभा म्हणाली, "कायले बाई? आपली काय चूक हाय याच्यात?"

"आपली नाई. पण साक्षगंध करून निघाले आन् गाडी झाडाले गेली, हे आयकलं का लोक कोनाचं नाव घेतीन? रोह्याचं नाई घेत कोनी. त्या पोट्टीचं घेतीन. अजून घरात पाय नाई ठेवला तिनं, आन् पांढऱ्या पायाची होऊन बसन."

भाऊजी दुसरीकडं पाहत होते. मला कारण माहीत होतं. तुझ्या लग्नाला आठ दिवस झाले नव्हते आणि त्यांच्या घरचा एक बैल मेला. त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी तुला न्यायला आलो होतो. गावात सगळ्यांच्या दारातून बैलांची जोडी निघाली, तुमच्या दारातून एकटा बैल निघाला. तुझ्या सासूनं आल्यागेल्याला तुझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, नव्या सुनेचा पायगुण. त्यानंतर किती वर्षं, बाई, रोहण्यात कोणाच्या हळदीला तुला पहिलं बोलावलं नाही. तू जायचीस, मागे उभी राहायचीस, कामं उपसायचीस आणि हसायचीस. मला वाटायचं तू विसरलीस. त्या दिवशी रस्त्यावर कळलं की तू एक दिवसही विसरली नव्हतीस.

म्हणून आम्ही सहा जणांनी नारळावर हात ठेवले. जीपवाल्यानंही ठेवला. शोभाचा गुडघा मीच दुकानात मलमपट्टी करून बांधला आणि पायऱ्यांवरून पडली म्हणून सांगितलं. प्रशांतचा ओठ मोटरसायकलच्या नावावर गेला. आर्वीत कोणत्याही डॉक्टरकडं आम्ही गेलो नाही, कारण आर्वीत डॉक्टरच्या बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत बाजाराला माहीत होतं. तुझ्या टेंगळाबद्दल सांगायची वेळच आली नाही. ते दोन दिवसांत बसलं.

पाचव्या दिवशी तू दुकानात आलीस. गिऱ्हाइकांसमोर काही बोलली नाहीस. "दिनू, डोकं लय ठणकून राह्यलं. दे एक पुडी." मी पट्टी काढून दिली. वर म्हटलं, "तोंड वाकडं केलं नाहीस तरी देतोय." तू हसलीस, पण उशिरा हसलीस. चार दिवसांनी भाऊजींनी बसवाल्याबरोबर निरोप पाठवला, आणखी गोळ्या दे. मी आणखी दिल्या. आपल्या बहिणीचं डोकं एवढं कधीपासून दुखतं हे मी स्वतःला विचारलं नाही. तिला चष्म्याचा नंबर आला असेल, लग्नाचं टेन्शन असेल, अशी उत्तरं मी प्रश्न न विचारताच देऊन टाकली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या जातीच्या गोळीनं रक्त पातळ होतं, आत कुठं झिरपत असेल तर ते थांबायचं नाव घेत नाही. हे माझ्या पुस्तकात लिहिलेलं होतं, बाई. मला ते पाठ होतं.

मग लग्नाच्या कुरडया-पापड घालायला तू आमच्याकडं आर्वीला राहायला आलीस. तुला दुपारी झोपलेलं आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. आता तू जेवण झालं की लवंडायचीस आणि चार वाजले तरी उठायची नाहीस. शोभा मला कौतुकानं सांगायची, "बाईनं जन्मात पह्यल्यांदा आराम केला. झोपू द्या त्यायले." मी दार हळू लावायचो. आम्ही तुझ्या झोपेला जपलं. त्या झोपेतून तुला हलवून उठवायला हवं होतं.

पापडाच्या पिठात तू दोनदा मीठ घातलंस. आम्ही इतकं हसलो त्या दिवशी. प्रशांत म्हणाला, "आत्या, अर्चना सासरी यायच्या आधीच तिची परीक्षा घेऊन राह्यली काय?" तूही हसलीस आणि थोड्या वेळानं विचारलंस, कोण अर्चना? आम्हाला वाटलं तू थट्टेला थट्टा जोडतेस. आपल्या घराची ही खोड. कोणी काही विचित्र बोललं की आधी हसायचं. दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं असतं तर घाबरले असते.

आणि चप्पल. तू अंगणातून घरात यायचीस आणि डावी चप्पल मागे कुठं तरी राहिलेली असायची. कधी नळापाशी, कधी तुळशीपाशी. तुला कळायचंही नाही की एका पायात काही नाही. शोभा ती उचलून आणायची आणि म्हणायची, "बाई, कृष्णाच्या राधेसारखं काऊन करून राह्यल्या?" मी एकदा मागून पाहिलं, तुझा डावा पाय किंचित घासत होता. पाहिलं, बाई. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, साठीला आली आता, गुडघे धरले असतील.

अर्चनाचा फोन आला तो त्याच आठवड्यातला. ब्लाउजच्या मापाचं काही विचारायचं होतं. घरी कोणी नव्हतं, फोन तू घेतलास. दुसऱ्या दिवशी तिनं पिपरीच्या एसटीडी बूथवरून माझ्या दुकानात फोन केला. होणाऱ्या सुनेनं होणाऱ्या सासऱ्याला दुकानात फोन करायचा, म्हणजे तिची काय धडधड झाली असेल.

"मामाजी, रागावू नका. आत्याबाई काल मला तीनदा विचारत होत्या, कोण बोलते म्हणून. त्यांचं बोलणं जड येत होतं. त्या कुठं पडल्या होत्या काय इतक्यात? डोक्याला काही लागलं होतं काय?"

मी म्हटलं, "नाई बेटा. काईच नाई झालं."

"आमच्या गल्लीतले एक काका सायकलवरून पडले होते. पंधरा-वीस दिवस काहीच नव्हतं त्यांना, मग एकदम..."

"वय झालं तिचं," मी म्हटलं. "तू नको काळजी करू."

मग म्हणाली, "एकदा दाखवा ना मामाजी डॉक्टरले. माझ्यासाठी दाखवा." आणि बूथमध्ये तिचा वेळ संपला असेल, फोन बंद झाला.

तुला वाचवू शकेल असं बोलणारं एकच माणूस या सगळ्यात होतं, आणि त्याच माणसाशी मी खोटं बोललो. कारण तिलाच तर कळू द्यायचं नव्हतं. नारळावर हात ठेवला होता मी.

तरी त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, एवढं माझ्या पदरात टाक. म्हटलं, "बाई, उद्या वर्ध्याला चल. मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ." तुझं डोकं त्या वेळी नेमकं ठिकाणावर होतं. "वर्ध्याले? तिथी अर्चनाचा काका नोकरीले हाय. डाक्टर इचारन का कसं लागलं. मंग काय सांगशीन?" मी म्हटलं काहीही सांगेन. तू म्हणालीस, "तुले खोटं बोलाले येत नाई दिनू, तुहे कान लाल होते. लगन होऊ दे. मंग ने कोठी न्याचं तं." मी चिडलो. तू बापाच्या वरची हट्टी आहेस म्हटलं, तुझ्यापायी एक दिवस आम्हाला रडायची वेळ येईल म्हटलं. तू भिंतीकडं तोंड करून झोपलीस. आपलं शेवटचं भांडण, आणि ते तू जिंकलीस.

खरं सांगू? हरल्यावर मला बरं वाटलं. आता गुपचूप लग्न पार पडेल, असं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आता तुला सांगितलं.

त्या भांडणानंतर चौथ्या दिवशी सकाळी तू उलटी केलीस आणि पुन्हा झोपलीस. शोभानं चहा नेला तेव्हा उठेनास. डोळा अर्धा उघडायचीस आणि मिटायचीस. शेजाऱ्यांच्या गाडीत तुला घातलं, वाटेत रोहण्याला भाऊजींना घेतलं. त्या बाभळीपाशी आलो तेव्हा गाडीत कोणीच कोणाकडं पाहिलं नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना इतक्यात डोक्याला मार लागला होता का?" आणि बाई, माझ्या तोंडून नाही निघालं. सवयीनं. तिथं तू अशी पडलेली आणि माझं तोंड नारळाला जागलं. भाऊजींनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "लागला होता. वीस दिवस झाले. गाडी झाडाले गेलती."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोटो काढून आणला, उजेडापुढे धरून दाखवला. कवटीच्या आत एका बाजूला रक्त साचलेलं. थेंबाथेंबानं साचतं म्हणाले, वयस्कर माणसात तर आणखी हळू. आधी डोकं दुखतं, मग झोप येत राहते, विसरायला होतं, बोलणं जड येतं, एका बाजूचा हातपाय ढिला पडतो, उलटी होते. त्यांनी एकेक सांगितलं आणि मला एकेक दिसत गेलं. ठणकणारं डोकं, दुपारची झोप, दुप्पट मीठ, डावी चप्पल. "चार-आठ दिवस आधी आणलं असतं ना," एवढंच ते म्हणाले. ऑपरेशन त्यांनी केलं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तुझी लेक सुमन यवतमाळहून पोचली होती, तुझा हात तिच्या हातात होता, एवढं तुला सांगायला हवं.

आणि मग, बाई, तू जे होऊ नये म्हणून मेलीस तेच झालं. मातीहून परत आलो त्याच संध्याकाळपासून बायका कुजबुजायला लागल्या. साक्षगंध झालं आणि महिन्याच्या आत आत्या गेली. नवरीचा पायगुण पाहा. अपघाताचं कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळं त्यांना दुसरं काही सापडतच नव्हतं. आपणच त्यांच्या हातात ती पोरगी नेऊन दिली होती. शोभासुद्धा एका रात्री म्हणाली, थोडं थांबून पाहू, दुसरीकडंही स्थळं आहेत. प्रशांत तिथंच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, तुमी सांगता का मी सांगू?"

मला तरीही धीर होत नव्हता. कारण सांगायचं म्हणजे गोळ्यांचंही सांगायचं. बाजारातला माणूस मी, उद्या माझ्या काउंटरवर कोण उभं राहील? शिवाय तुझी शपथ. दहाव्याला नदीवर भाऊजी माझ्याशेजारी येऊन बसले. तुला माहीत आहे, ते वर्षातून चार वाक्यं बोलतात. पाण्याकडं पाहतच म्हणाले, "दिनू, तो बैल सापानं मेलता. गोठ्यात साप म्याच मारला, आन् मायले सांगतलं नाई. मी रात्री गोठ्यात झोपलो होतो आन् राखन केली नाई, म्हनून माय मले बोलली असती. त्यापाई गप रायलो. मंग दिवस निघून गेले. तुही बहीन तीस-पस्तीस वर्ष त्या बैलाचं वझं वाहून राह्यली, आन् म्या एकदाबी..." त्यांनी नदीतलं पाणी तोंडावर मारलं. नंतर म्हणाले, "आता तू बोलजो."

हे तुला माहीत होतं का गं? मला राहून राहून वाटतं की माहीत होतं. तू त्यांना कधी विचारलं नाहीस आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि संसार झाला.

काल तेरवीच्या पंगती बसायच्या आधी मी अंगणात उभा राहिलो. पिपरीची माणसं आली होती, मांडवाच्या कडेला अंग चोरून बसली होती. अर्चना तिच्या आईच्या मागं. मी काही भाषणवाला नाही. कान नक्की लाल झाले असतील. म्हटलं, "बाई कोनाच्या पायगुनानं नाई गेली. साक्षगंधाहून येताना आमची जीप झाडाले गेली, तिचं डोकं पाइपाले लागलं. आमी ते लपवलं. वीस दिवस तिचं डोकं दुखलं, तिले झोप येत राह्यली, ते विसरून राह्यली, तिचा पाय घासून राह्यला, आन् आमी हासलो. तिले गोळ्या म्या देल्या. दोष द्याचा असन तं मले द्या." मग म्हटलं, आता सुरू केलंच आहे तर होऊ दे. सांगितलं की डोक्याला मार लागला आणि रक्त आलं नाही म्हणून घरी बसू नका, महिनाभर त्या माणसाकडं नीट लक्ष ठेवा. तुझ्या सासरकडचे एक म्हातारे कुरकुरले, हे पंगतीत कायले सांगून राह्यले म्हणून. पण मागून एक जण उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आमचं पोट्टं मागल्या हप्त्यात मोटरसायकलवरून पडलं, कालपासून डोकं डोकं करून राह्यलं. न्या लागते काय?" मी म्हटलं, जेवू नका, आत्ता न्या. तो पोराला घेऊन गेला. काय निघालं ते अजून कळलं नाही.

बायकांना पटलं की नाही देव जाणे. रोहण्याच्या बायका एका भाषणानं बदलतील असं तूही म्हणणार नाहीस. पण शोभा उठली, मांडवाच्या कडेला गेली आणि अर्चनाचा हात धरून तिला आत चुलीपाशी घेऊन आली. आमच्यात वाढायला घरच्याच पोरी घेतात. तिनं कालची पहिली पंगत वाढली.

सगळं पांगल्यावर मी तिला म्हटलं, "बेटा, तू फोनवर विचारलं होतंस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर."

ती माझ्या तोंडाकडं पाहून बोलली, बाई. भुईकडं नाही. म्हणाली, "मले माहीत होतं मामाजी."

"कसं?" मी विचारलं.

"त्या दिवशी फोनवर आत्याबाईनंच सांगितलं. त्यांनी विचारलं कोण बोलते, मी सांगितलं अर्चना. थोड्या वेळानं त्यांना वाटलं त्यांची सुमनच बोलते. मग सगळं सांगितलं. रोही, झाड, पाइप, नारळ. डोकं लय दुखते म्हणाल्या. आणि म्हणाल्या, हे त्या अर्चनाले कळू देजो नोको, तिच्या जिवाले लागन. मी कबूल केलं. म्हणून तुम्हाला फक्त विचारलं. तुम्ही नाही म्हटल्यावर मले काही बोलताच आलं नाही. मी भांडायला पाहिजे होतं तुमच्याशी."

ती रडायला लागली आणि मलाही आवरलं नाही. आम्ही दोघं तुझ्या चुलीपाशी उभे राहून रडलो, एकमेकांपासून तेच लपवलेलं घेऊन. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. म्हणाली, "अजून एक विचारलं होतं त्यांनी. शेवटी."

"काय?"

"म्हणाल्या, सुमन, तू पाह्यली न ते पोट्टी? चांगली हाय न?"

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, हो माय, चांगली आहे. तर म्हणाल्या, मंग तिले जपजो. आणि फोन ठेवला."